इन्व्हर्टरची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते: नवी घेण्याआधी क्रमाने काय तपासायचं

वळवाचा पहिला पाऊस झाला की नाशिकमध्ये बॅटरीच्या दुकानांत रांग लागते. एकलहऱ्याचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर असलं तरी एखादी फांदी तारेवर पडली की सिडको काय अन् गंगापूर रोड काय, दोन-तीन तास अंधार. त्या अंधारात इन्व्हर्टर पंधरा मिनिटांत कुईं करून बंद पडतो आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घरात येते. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

यातल्या बऱ्याच बॅटऱ्या मुळात वाईट नसतात. त्यांना दोनपैकी एक आजार जडलेला असतो. एकात बॅटरी मर्यादेच्या खाली रिकामी होत राहते, दुसऱ्यात तिच्यातून एका वेळी नको इतका करंट ओढला जातो. तक्रार दोन्हींची एकच, 'बॅकअप नाही'. उपाय मात्र वेगवेगळे आहेत, आणि नवी बॅटरी हा दोन्हींवर उपाय नाही.

पुढचे आकडे १२ व्होल्ट, १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एक ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची, बॅटरी आणि ८०० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, या घरोघरच्या जोडीसाठी आहेत. वेगळा संच असेल तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

बॅटरी जास्त रिकामी होत असेल तर:
- एक पंखा आणि राउटरवर रात्र निघते, पण दर महिन्याला बॅकअप थोडा थोडा घटतो.
- दिवसातून दुसऱ्यांदा लाइट गेली की पहिल्या वेळेच्या निम्माही वेळ मिळत नाही.
- आठ-दहा दिवस घर बंद होतं, परत आल्यावर इन्व्हर्टर उठतच नाही.

करंट जास्त ओढला जात असेल तर:
- सगळे पंखे लावले की काही मिनिटांत 'लो बॅटरी', दोन बंद केले की पुन्हा सगळं ठीक.
- फ्रिज किंवा मिक्सर सुरू होताच ओव्हरलोडचा लाल दिवा.
- बॅटरीची वायर किंवा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) हाताला गरम लागते, टर्मिनलला पांढरट-हिरवट बुरा धरतो.

दोन्हीकडची लक्षणं एकत्र असतील तर आधी करंटच्या बाजूने सुरुवात करा. ते तपासायला पैसे लागत नाहीत.

बिनखर्चाचं पहिलं काम: लोड मोजा

मेन बंद करा आणि घरभर फिरून इन्व्हर्टरवर खरोखर काय काय चालतं ते लिहून काढा. आठवून लिहू नका, बटणं दाबून बघा. नूतनीकरणात वायरमनने स्वयंपाकघरातला एखादा प्लग इन्व्हर्टर लाइनवर घेतलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. त्या प्लगवर मिक्सर चालतो.

हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला वॅटचा आकडा दहाने भागला की बॅटरीतून निघणारे अँपिअर मिळतात. इन्व्हर्टरमधली घट त्यात आलीच. तीन जुने पंखे ७५ वॅटचे म्हणजे २२५, चार एलईडी ट्यूब ८०, टीव्ही ८०, राउटर १०. झाले साधारण ४०० वॅट, म्हणजे ४० अँपिअर. यात ७५० वॅटचा मिक्सर आला की बॅटरीवर एकदम ११५ अँपिअर. फ्रिज चालू असताना १५०-२०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर उठतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. पाण्याची मोटर तर इन्व्हर्टरवर नकोच. अर्ध्या एचपीची असली तरी नको.

हे महत्त्वाचं का? बॅटरीवर छापलेले १५० एएच हे सावकाश वापरल्यावरचे असतात, बहुधा वीस तासांच्या हिशोबाने, म्हणजे साडेसात अँपिअरवर. ४० अँपिअर ओढले तर शंभराच्या आसपास मिळतात, आणि तासाभरात रिकामी करायला गेलात तर निम्म्यावरच काम आटोपतं. बॅटरीने दगा दिला असं वाटतं. तिला घाई केलेली असते.

जुन्या पंख्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर तीन पंख्यांत १३-१४ अँपिअर वाचतात. बॅटरी मोठी करण्यापेक्षा हा खर्च केव्हाही बरा, कारण विजेचं बिलही उतरतं.

दुसरं, तेही फुकट: स्विचची सवय

इन्व्हर्टर बॅटरीतली शिल्लक मोजत नाही, फक्त व्होल्टेज बघतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतात. सहा सेल, म्हणजे बॅटरीचे कप्पे, प्रत्येकी १.७५ व्होल्ट. जड लोडसाठी हा आकडा ठीक आहे, कारण ५०-६० अँपिअर निघत असताना व्होल्टेज दबलेलं असतं आणि १०.५ आलं तरी आत थोडा माल शिल्लक असतो. पण रात्रभर एक पंखा आणि राउटर म्हणजे जेमतेम आठ-नऊ अँपिअर. इतक्या हलक्या लोडवर व्होल्टेज दबत नाही. म्हणून १०.५ येईपर्यंत बॅटरी तळापासून खरवडून निघालेली असते. 'लोड कमी आहे, मग बॅटरी सुरक्षित आहे' हा समज इथेच फसतो.

पुढची चूक त्याहून महाग. इन्व्हर्टर बंद पडला की कुणीतरी उठतं, स्विच बंद-चालू करतं आणि पंखा पुन्हा फिरतो. विश्रांती मिळाल्याबरोबर बॅटरीचं व्होल्टेज वर उसळतं, इन्व्हर्टरला वाटतं अजून आहे. दहा मिनिटं मिळतात. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आता चार मिनिटं. अशा प्रत्येक फेरीत प्लेटवर शिशाचं सल्फेट जाड होत जातं आणि त्यातलं काही नंतर चार्जिंगनेही विरघळत नाही. एकदा कटऑफ झाला की लाइट येईपर्यंत त्या स्विचला हात लावायचा नाही. घरात हे सगळ्यांना सांगून ठेवा, लहान मुलांनाही.

हलका लोड बराच वेळ चालणार असेल तर डिस्प्लेवर ११.५ व्होल्ट दिसले की हाताने बंद करा. काही इन्व्हर्टरमध्ये मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं. ते ट्यूब्युलरवर आहे ना, तेवढं बघून घ्या.

आणि कुलूप लावून गावी जाताना मेन स्विच पाडायचा पण इन्व्हर्टर चालूच ठेवायचा, हा प्रकार दिवाळीत आणि मे महिन्यात सर्रास होतो. काहीही चालू नसलं तरी इन्व्हर्टर स्वतः १०-२० वॅट खातो. १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. १५ वॅटने पाच दिवसांत खलास. त्यानंतर ती रिकामी बॅटरी पंधरा दिवस तशीच पडून राहते, आणि जास्त रिकामी होण्यापेक्षा रिकामी पडून राहणं जास्त मारतं. जायचं असेल तर बॅटरी पूर्ण भरा, इन्व्हर्टर बंद करा आणि काळी वायर सोडून ठेवा.

तिसरं: पाणी आणि टर्मिनल

फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी कांडी) लाल खुणेखाली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नको, एसीच्या नळीतून गळणारं तर मुळीच नको. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच आणि बोअरच्या पाण्याचं तर विचारू नका. ॲसिड कधीही घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. पाणी शक्यतो पूर्ण चार्ज झाल्यावर भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला आणि बाकीचं चार्जनंतर. सहापैकी एकाच कप्प्याचं पाणी सारखं संपत असेल तर तो कप्पा लक्षात ठेवा, पुढे हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) लावताना कामाला येईल.

टर्मिनल साफ करायला खाण्याचा सोडा पुरतो. आधी इन्व्हर्टर बंद, चार्जिंगचा प्लग काढा, मग काळी वायर सोडा, नंतर लाल. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, खिडकी उघडा. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा, जुना टूथब्रश. झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. फेस यायचा थांबला की पुसा, पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि लगची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. जोडताना उलट क्रम, आधी लाल मग काळी. नट आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावा. दोन धातूंच्या मध्ये लावायची नाही. नट पिळू नका, शिशाची पोस्ट मऊ असते, ती आतून फिरली तर बॅटरी गेली. शेवटची वायर टेकवताना बारीकशी ठिणगी पडते ती इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरल्याची. मोठी ठिणगी उडाली तर मात्र थांबा आणि लाल-काळी अदलाबदल झाली नाही ना ते बघा.

चौथं: मल्टिमीटर काढा

इथे सगळ्यात जास्त बॅटऱ्या निर्दोष सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

मेन बंद करून नेहमीचा लोड लावा, पाच मिनिटं जाऊ द्या. मीटर डीसी व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन पोस्टवर, लगवर नव्हे, थेट शिशावर टोकं टेकवून रीडिंग घ्या. मग इन्व्हर्टरच्या मागच्या, वायर आत शिरते त्या टर्मिनलवर. पोस्टवर ११.६ आणि इन्व्हर्टरपाशी १०.९ आलं तर ०.७ व्होल्ट वाटेतच जळताहेत. बॅटरीत माल आहे, पण इन्व्हर्टरला वाटतं ती संपत आली. हाच तो 'पाच मिनिटांत लो बॅटरी' प्रकार.

चोर शोधायला एक टोक पोस्टवर आणि दुसरं त्याच पोस्टच्या लगवर ठेवा. ४० अँपिअरवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावं. १०० च्या वर गेलं तर तो सांधा खराब आहे. मग लगपासून तिच्या वायरच्या तांब्यापर्यंत तसंच मोजा. लगवरची टेप सोडली की बऱ्याचदा हातोडीने ठोकून चपटी केलेली लग दिसते, आत काळ्या पडलेल्या तारा, त्यातल्या चार-सहा तुटलेल्या. लग नवी लावायची ती हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्यायची. दुकानात दोन मिनिटांचं काम आहे.

सांधे ठीक असतील तर वायर बारीक आहे. येण्या-जाण्याची मिळून चार मीटर तांब्याची वायर, ७५ अँपिअर: १० स्क्वेअर एमएमची असेल तर अर्ध्या व्होल्टहून जास्त जातो, १६ ची असेल तर साधारण ०.३५, आणि २५ ची असेल तर ०.२ च्या थोडं वर. इन्व्हर्टर दिवाणखान्यात आणि बॅटरी गॅलरीत, असं करायचं म्हणून वायर वाढवली असेल तर जाडीही वाढवावी लागते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते. तारेचं टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती नको.

पाचवं: गुरुत्व

दोन-तीनशे रुपयांचा हायड्रोमीटर घरात असावा. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर दोन-तीन तास थांबून सहाही कप्प्यांचं रीडिंग घ्या. पाणी घातल्यावर लगेच घेतलेलं रीडिंग खोटं असतं. गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता. भारतातल्या ट्यूब्युलर बॅटरीचं पूर्ण चार्ज गुरुत्व २७ अंश सेल्सिअसला १२४० च्या, म्हणजे १.२४० च्या, आसपास असतं. ११९० म्हणजे निम्मी, ११५० च्या खाली म्हणजे रिकामी. मेमध्ये बॅटरी ३७ अंशांवर असेल तर आलेल्या आकड्यात ७ मिळवा.

एक उपयोगी गोष्ट: १.२४० मध्ये ०.८४ मिळवले की त्या सेलचं विश्रांतीतलं व्होल्टेज मिळतं. २.०८ गुणिले सहा, म्हणजे साडेबारा. म्हणून भरलेली ट्यूब्युलर बॅटरी विश्रांतीत १२.५ दाखवत असेल तर ती पूर्णच आहे. १२.८ दिसत नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

आता आकडे वाचा. सहाही कप्पे सारखेच कमी, समजा ११९० ते १२००, तर बॅटरी पुरेशी भरतच नाही. पाच ठीक आणि एक ३०-४० अंकांनी खाली, तर त्या सेलमध्ये दोष. दुकानात पाच-सहा अँपिअरवर दहा-बारा तास हळू चार्ज करून बघतात. त्यानंतरही तो वर आला नाही तर खर्च थांबवा.

सहावं: भरते तरी का?

लाइट असताना बॅटरीवर मीटर लावा. बूस्टमध्ये (जोरात भरताना) १४.४ च्या आसपास जाऊन नंतर फ्लोटला (भरल्यावर हलक्या चार्जवर) १३.५ ते १३.८ वर स्थिरावायला हवं. १३.२ वरच अडकलं तर चार्जर कमजोर. १५ च्या वर जात असेल तर पाणी उकळून जातंय, चार्जिंग बंद करून दुरुस्तीला द्या. चार्जिंग करंट एएचच्या दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअर चांगला. इतक्या करंटनेही पूर्ण रिकामी बॅटरी भरायला बारा-चौदा तास लागतात. दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि 'दुसऱ्या वेळेला निम्मा बॅकअप' हे बहुधा त्याचंच लक्षण.

सातवं: फ्यूज आणि कटऑफ, दोन्ही वेगळे

फ्यूज बॅटरीला रिकामं होण्यापासून वाचवत नाही आणि कटऑफ शॉर्टपासून वाचवत नाही. दोघांची कामं वाटून दिलेली आहेत.

इन्व्हर्टरचं ओव्हरलोड संरक्षण त्याच्या डब्यात असतं. बॅटरीपासून त्या डब्यापर्यंतच्या वायरला कुणी वाली नसतो. ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर ती घासली, उंदराने कुरतडली, तर १५० एएचची बॅटरी हजार अँपिअरच्या वर सहज देते आणि वायर जळते. म्हणून लाल पोस्टपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. आकडा असा काढा: इन्व्हर्टर जास्तीत जास्त ७२० वॅट देतो, बॅटरी १०.८ वर आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तर ८३ अँपिअर. मग १०० अँपिअरचा बोल्टने बसणारा एएनएल फ्यूज आणि २५ स्क्वेअर एमएमची वायर. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही: एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीचा येत नाही. ४८ व्होल्टच्या सोलर संचावर हा फरक आगीचा असतो.

कटऑफचं छोटं मॉड्यूल, ज्याला एलव्हीडी म्हणतात, ते दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांतल्या कॅमेरा आणि राउटरसारख्या थेट १२ व्होल्टच्या लोडला छान. ११.६ ला तोडायचं, १२.८ ला जोडायचं, मध्ये १०-२० सेकंदांचा विलंब ठेवायचा. तोडणं आणि जोडणं जवळजवळ ठेवलं तर रिले रात्रभर टकटक करत बसतो, कारण लोड सुटला की व्होल्टेज लगेच उसळतं. ३० अँपिअर लिहिलेल्या रिलेतून इन्व्हर्टरचे ८० अँपिअर न्यायचे नाहीत.

दोन बॅटऱ्या किंवा लिथियम असेल तर

२४ व्होल्टचा इन्व्हर्टर बेरीज बघतो. २१ व्होल्टला तो बंद होताना एक बॅटरी ११.७ वर आणि दुसरी ९.३ वर असू शकते. लोडवर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कमी असलेली रोज खोलवर जातेय. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली की हेच होतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, असतं. त्याने पुरवठा तोडला की मीटरवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट येतात आणि लोक बॅटरी मेली म्हणतात. बहुतेकदा योग्य चार्जर लावला की ती जागी होते. भरल्यावर चार्जर जोडला असताना वारंवार तुटत असेल तर चार्जर ट्यूब्युलरच्या सेटिंगवर राहिला आहे का बघा. जड लोडवर तुटत असेल तर बीएमएसची अँपिअर मर्यादा कमी पडतेय. लोड कमी करा. बीएमएसला वळसा घालून वायर काढायची नाही, कितीही घाई असली तरी.

इथे थांबा, माणूस बोलवा

बॅटरीची बाजू फुगली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, डबा हात ठेववत नाही इतका तापला, ॲसिड गळतंय: मेनवरून चार्जिंग बंद करा, बॅटरीजवळची बटणं न दाबता खिडक्या उघडा आणि लांब व्हा. पाना घेऊन जवळ जायचं नाही. त्या हवेत हायड्रोजन असतो आणि एक ठिणगी पुरते.

नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा लावू नका, मोठा तर नाहीच. इन्व्हर्टरच्या आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुधा शॉर्ट झालेले असतात. एकही बटण चालू नसताना ओव्हरलोड येत असेल तर बहुधा इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालाय. ते काम परवानाधारक वायरमनचं. ४८ व्होल्टच्या बँकेला घरी हात लावू नये. आणि वॉरंटीतल्या बॅटरीची झाकणं उघडून काहीबाही ओतण्याआधी कंपनीच्या माणसाला बोलवा.

तो येईल तेव्हा त्याच्यासमोर हे ठेवा: एकूण वॅट, लोडवरचे पोस्टचे आणि इन्व्हर्टरपाशीचे व्होल्ट, चार्जिंगचे व्होल्ट आणि सहा कप्प्यांची सहा गुरुत्वं, तारखेसह. मार्करने बॅटरीच्या अंगावरच लिहिलं तरी चालेल. तरीही बॅटरी बाद ठरली तर जुनी विकणाऱ्यालाच परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापनाच्या २०२२ च्या नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, आणि नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीचे पैसे वळते होतात.